पहिला घोट

नारायण पेठ, पुणे
२१ ऑगस्ट २०२५

ती. ताई,

गुडघे वाकू देतात तितका वाकून नमस्कार.

'जिवंत असशील तर लिही' हा मजकूर उघड्या कार्डावर पाठवू नये, ही नम्र विनंती. पोस्टमन वाचतो आणि मग दोन दिवस माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतो. जिवंत आहे. इतकंच नाही, गल्लीच्या गणपतीपुढे यंदा जिवंत देखावा आहे आणि त्याचा लेखक-निवेदक मी आहे. निवृत्त मास्तरांचा एवढा उपयोग आपल्या मंडळाला अजून वाटतो, हे माझं भाग्य.

देखाव्याचं नाव 'समृद्धनगर'. उद्याचा आपला देश, एका चौकात. नळाला चोवीस तास पाणी. पोलीस हात जोडून विचारतो, काही मदत हवी का? दवाखान्याच्या दारात डॉक्टर रुग्णाची वाट बघत बसलेले, कारण कुणी आजारीच पडत नाही. आणि हे सगळं शिकून घ्यायला परदेशी पाहुणे आलेले. डॉक्टर झालाय आपला सलिल. खराडीहून ऑफिस करून दमून येतो, सूनबाई त्याच्या तोंडाला पावडर फासते, की चढवला पांढरा कोट. शेजारच्या आनंदीबाई तुरुतुरु चालणारी आजी झाल्या आहेत. आणि मधोमध सलिलची ऋचा. ती नळ उघडते, पेला भरते, गटागटा पिते आणि पळत चौकाला फेरी मारते. नऊ वर्षांची पोर, पण स्टेजवर काय दिसते म्हणून सांगू!

गंमत म्हणजे सगळ्यांचे आवाज माझे. बाईचा, पोलिसाचा, ऋचाचासुद्धा. अध्यक्ष विश्वजीत म्हणाले, "काका, दम तुमच्याच आवाजात आहे. बाकीचे नुसते ओठ हलवतील." (विश्वजीत चाळिशीला आले आहेत. फ्लेक्सवर बाविशीचे दिसतात.) सगळं ध्वनिमुद्रण एका दुपारी उरकलं.

एका बाबतीत मात्र मी हटून बसलो. नळाला मागून बाटलीचं पाणी जोडू, असं मंडळाचं म्हणणं. मी म्हटलं, देखावा असला तरी फसवणूक नको. थेट रस्त्यावरच्या लाइनीतून जोड घ्या. घेतला. इतरांच्या देखाव्यात थर्मोकोलचे धबधबे, आमच्या नळाला खरं पाणी! काल जोडणी झाली आणि पहिला घोट मंडळाने मानाने मला दिला. घेतला. टाळ्या पडल्या.

तू यायला हवं होतंस.

तुझा,
यज्ञेश

---

मिरज
२५ ऑगस्ट

चि. यज्ञेश,

आशीर्वाद तर आहेतच, ते काही दरवेळी लिहायला नकोत.

मी येऊन काय करू? कान जाऊन बारा वर्षं झाली. तुझा भरदार आवाज माझ्यापर्यंत यायचा नाही. मला ओठ दिसले की पुरे असतं, आणि तुमच्या देखाव्यात ओठ उगाच हलणार. म्हणजे साऱ्या पुण्याला ऐकू येईल आणि एकट्या मला काहीच कळणार नाही. नेहमीचंच.

ऋचाचं वाचून बरं वाटलं. गेल्या मे महिन्यात ती इथे होती तेव्हा तिला एकच शिकवलं होतं, माझ्याशी उजेडात बसून हळू बोलायचं. ती अजूनही फोटोत खिडकीकडे तोंड करून उभी राहते.

आता एक विचारते. राग मानू नकोस. पहिला घोट घेतलास, टाळ्याही पडल्या. पाण्याची चव कशी होती ते लिहिलं नाहीस. तुमचा मांडव दरवर्षी त्या तुंबणाऱ्या चेंबरावर असतो ना? घरी तर तुम्ही फिल्टरशिवाय पाण्याला हात लावत नाही. मग पोरीला रोज रात्री रस्त्याच्या लाइनीचं पाणी कशासाठी पाजायचं? पेल्यात आधीच घरचं पाणी भरून ठेवलं तर देशाचं काय बिघडेल?

खालचे बिऱ्हाडकरू श्रीधर म्हणतात, देखाव्याचा व्हिडिओ त्यांच्या फोनवर पाठवा, ते मला दाखवतील.

तुझी,
ताई

---

नारायण पेठ
१ सप्टेंबर

ती. ताई,

पत्राला उत्तर द्यायला बसलोय ते रांगेचा आवाज ऐकत. ऐन संध्याकाळी आपल्या गल्लीत शिरायला माणसांना तास लागतो! बिबवेवाडीहून, हडपसरहून लोक येतात. खेळ संपला की लगेच दुसरा. 'आमच्या नगरात कुणी आजारी पडत नाही' या वाक्याला दर खेपेस टाळी आहे. काल एक म्हातारे गृहस्थ माझा हात धरून रडले. म्हणाले, हे बघून मरायला हरकत नाही.

पाण्याचं तू मनावर घेऊ नकोस. लोकांसमोर उघडलेल्या नळाचं पाणी आहे ते. वाईट असतं तर कुणी बोललं नसतं का?

थोडे बदल केलेत. ऋचाची फेरी काढून टाकली. पळण्याने दृश्याचा भारदस्तपणा जात होता. आता ती पाणी पिऊन आनंदीबाईंचा हात धरून उभी राहते, छान दिसतं. तशी ती जरा दमलीय, सकाळी उठताना पायांना मुंग्या येतात म्हणते. एवढं जागरण, मुंग्या येणारच.

आणखी एक मजा. पोरांचे संवाद इतके पाठ झालेत की घरातही तेच सुरू असतं. परवा ऋचाला विचारलं, "काय गं, पाय कसे आहेत?" तर म्हणाली, "आमच्या नगरात कुणी आजारी पडत नाही!" आणि तेही हुबेहूब माझ्या आवाजात. मी पोट धरून हसलो. ती हसली नाही, पण नकलाकाराने हसायचं नसतंच.

सलिलने व्हिडिओ श्रीधररावांना पाठवलाय. अगदी पुढे उभं राहून काढलाय. बघ आणि तुझा नेहमीचा आंबट शेरा कळव.

तुझा,
यज्ञेश

---

मिरज
५ सप्टेंबर

यज्ञेश,

व्हिडिओ पाहिला. श्रीधररावांना पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. शेवटी ते फोन माझ्याजवळ ठेवून जेवायला गेले.

आधी हे सांग, संवाद कुणी बदलले?

मी चुकते, मला माहीत आहे. ओठांवर बरेच शब्द सारखे दिसतात. म्हणून प्रत्येक वाक्य कागदावर लिहिलं, पुसलं, पुन्हा पाहिलं. श्रीधररावांनी ध्वनिफितीतलं वाक्य मला पाटीवर लिहून दाखवलं आणि मी ओठांवरचं लिहिलं. दोन्ही कुठेच जुळत नाहीत.

पोलीस हात जोडतो. तुझा आवाज म्हणतो, 'नागरिकहो, काही मदत हवी का?' तो पोरगा म्हणतोय, 'मला उभं राहवत नाही.'

आनंदीबाई तुरुतुरु येतात. आवाज म्हणतो, 'साठी उलटली, पण अंगात वारं भरलंय.' त्या म्हणतायत, 'पोट सकाळपासून वाहतंय, कुणी तरी बसू द्या.'

ऋचा पेला तोंडाला लावते. आवाज म्हणतो, 'हे तर अमृत!' ती म्हणते, 'याला घाण वास येतो.' आणि पिते. यज्ञेश, पोरगी असं म्हणते आणि तरी पिते.

सलिल तिच्या डोक्यावर हात ठेवतो. तुझं वाक्य 'कुणी आजारी पडत नाही' हेच ना? सलिल म्हणतोय, 'हिला दवाखान्यात न्यायला हवं. बाबांना कोण सांगणार?'

मला भीती वाटली. भर दुपारी, स्वतःच्या घरात. ती माणसं घाबरलेली दिसत नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. सगळी हसतायत. डोळे हसतायत, गाल हसतायत आणि ओठ हे बोलतायत.

तिला आज डॉक्टरकडे ने. खऱ्या.

ताई

---

नारायण पेठ
१० सप्टेंबर

ती. ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. राग आला हे लपवत नाही.

संवादात एक अक्षर बदललेलं नाही. संहिता माझ्याजवळ आहे. तरी तुझ्या समाधानासाठी एकेकाला विचारलं. पोलीस झालेला पोरगा म्हणाला, काही मदत हवी का? आनंदीबाई म्हणाल्या, अंगात वारं भरलंय. सलिल म्हणाला, कुणी आजारी पडत नाही. मला आणखी काय पुरावा हवा? वय झालं की कान जातात, तसे डोळेही दगा देतात. स्पष्ट बोलतो, माफ कर.

आता बातमी. देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं! विसर्जन झालं, गणपती गेले, पण देखावा उतरवायचा नाही असं वरून सांगणं आलं. कुठलं तरी शिष्टमंडळ शहरात येणार आहे, त्यांना समृद्धनगर दाखवायचंय. विश्वजीत म्हणतात, "काका, दाखवायला दुसरं नगर आणायचं कुठून? खरं तर आहे तेच एक." मांडव आता गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत वाढवलाय. घरांवर पडदे, पडद्यांवर रंगवलेली घरं. आपल्या दारावरही एक दार रंगवलंय, मूळ दारापेक्षा बरं आहे. आत शिरताना जरा चाचपावं लागतं इतकंच.

ऋचासाठी मी सुंदर कल्पना काढली. तिला चौकात सिंहासन दिलंय. भारतकन्या म्हणून ती बसूनच पाणी पिते. सलिल तिला उचलून ठेवतो, पुन्हा उचलून घरी आणतो. लोकांना वाटतं, केवढा मान!

गल्ली इतकी शांत कधीच नव्हती. भांडण नाही, तक्रार नाही. सकाळी दूधवाल्याला विचारलं, दूध पातळ का? त्याने छान उत्तर दिलं. मी थबकून ऐकलं, माझंच वाक्य होतं. कोपऱ्यावरचा चहावाला, इस्त्रीवाला, सूनबाई, सगळ्यांच्या तोंडी माझाच आवाज. लेखकाला याहून मोठं बक्षीस कुठलं?

फक्त रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, घरात कुणी तरी वेगळ्या आवाजात बोललं तर बरं होईल.

यज्ञेश

---

मिरज
१३ सप्टेंबर

यज्ञेश,

लांबण लावत नाही. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे.

तुझं पत्र हातात पडलं तशी श्रीधररावांना सलिलला फोन लावायला सांगितला. त्यांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. पाटीवर लिहून दाखवलं, 'सगळं उत्तम आहे म्हणतायत.' मी विचारलं, सलिलच ना? त्यांनी लिहिलं, 'आवाज यज्ञेश काकांचा वाटला.' मग मी सूनबाईला लावायला सांगितला. तिथेही तूच बोललास. श्रीधररावांनी फोन ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला. मी निघणार होते, पण कमरेने दगा दिलाय, अजून बिछान्यातून उठता येत नाही.

तू म्हणालास माझे डोळे गेले. असेल. मग तुझे वापर. मी सांगते तेवढं कर आणि का ते विचारू नकोस. आयुष्यभर माझं ऐकलं नाहीस, आता एकदा ऐक.

सकाळी ऋचाला खिडकीशी बसव. तोंडावर उजेड येऊ दे. तुझ्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घट्ट घाल. मग तिला विचार, पाय कसे आहेत? आणि ओठांकडे बघ. पहिल्यांदा कळणार नाही. पुन्हा विचार. ती हळू बोलेल, तिला ते येतं, मी शिकवलंय.

ताई

---

पुणे
१९ सप्टेंबर

ताई,

हे मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. कानात कापूस आहे.

तू सांगितलंस तसंच केलं. तुला खोटं पाडायला केलं. ऋचाला खिडकीशी बसवलं, तिने सवयीने तोंड उजेडात धरलं. मी विचारलं. कापसातूनही अंधुक ऐकू येत होतं, कुणी आजारी पडत नाही. मी बोळे आणखी आत दाबले, दुखेपर्यंत. मग ते थांबलं. मग नुसते ओठ राहिले.

दुसऱ्या खेपेला कळलं. 'आजोबा, मला पाय कळत नाहीत. मी तुम्हाला रोज सांगते.'

रोज सांगते, ताई.

मी मागे वळलो. दारात सलिल उभा होता. तो रडत होता आणि त्याचे ओठ माझ्याशी किती तरी दिवसांचं बोलत होते. आम्ही तिला उचललं आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी रंगवलेल्या पडद्यातून रिक्षा बाहेर काढायला वाट सापडेना. मी हाताने पडदा फाडला.

डॉक्टर म्हणतात, दूषित पाण्याने होतं असं. पायांतून वर चढत जातं. आणखी उशीर झाला असता तर श्वास थांबला असता. आता औषध चालू आहे. तिच्या नाकातोंडात नळ्या आहेत. हे सगळं मी त्यांच्या ओठांवरून आणि सलिलने लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांवरून जुळवलंय. कापूस काढून बघितला एकदा. डॉक्टरांच्या तोंडून माझाच आवाज आला. ते काय म्हणाले, तुला सांगायला नको.

काल संध्याकाळी मी मंडळात गेलो. शिष्टमंडळ आलं होतं, पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसलं होतं. सिंहासनावर ऋचाच्या जागी दुसरी कुणाची तरी मुलगी बसवली होती, तिच्या हातात पेला. मी मागे जाऊन ध्वनिक्षेपकाची वायर उपटली. हाताने, मुळापासून. दिवे चालू राहिले. आवाज बंद झाला, कापूस काढून खात्री केली. मांडवात पान हललं असतं तरी ऐकू आलं असतं.

मला वाटलं, आता गोंधळ उडेल. आता तरी कळेल.

ताई, खेळ थांबला नाही. आनंदीबाई आल्या, पोलिसाने हात जोडले, सगळ्यांचे ओठ हलत राहिले. आनंदीबाईंना आता काठी लागते. मला वाचता आलं ते एवढंच, 'कुणी ऐकतंय का?' आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बरोबर जागेवर. पोलिसाच्या वाक्याला हसले. 'कुणी आजारी पडत नाही' या जागी तर सगळा मांडव उठून उभा राहिला. मी ओरडलो, त्या पोरीला पाणी पाजू नका! शेजारच्या माणसाने माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. मग मी स्टेजवर चढून तिच्या हातातला पेला हिसकावून ओतला. तेव्हा मला धरून खाली आणलं. प्रेमाने हं. विश्वजीतने स्वतः शाल घातली.

आता माझं एक काम कर. मला माझ्याच बोलण्याची खात्री वाटेनाशी झालीय. हॉस्पिटलच्या खिडकीशी बसून मी एक व्हिडिओ काढलाय. सलिलला दाखवला नाही, तसाच श्रीधररावांना पाठवलाय. मी त्यात फक्त एवढंच म्हणतोय, 'ताई, काळजी करू नकोस, ऋचा बरी होईल, मला काही कल्पना नव्हती.' मी एवढंच म्हणालो, मला नीट आठवतं. तू बघ आणि कळव.

यज्ञेश

---

मिरज
२३ सप्टेंबर

चि. यज्ञेश,

व्हिडिओ काल पाहिला. आज पुन्हा पाहिला. श्रीधररावांना पाटी खाली ठेवायला सांगितलं, त्यांना काय ऐकू आलं ते मला नको होतं.

सांगू नये असं वाटलं होतं. पण तू विचारलं आहेस आणि आता कुणी तरी कुणाला तरी सांगायला हवं.

'ऋचा बरी होईल' हे तू म्हणतोस. तेवढं तुझ्या ओठांवरही आहे, शब्दाला शब्द. मी ते धरून बसले आहे.

बाकीचं तू म्हणालाच नाहीस. तुझे ओठ म्हणाले, 'पहिला घोट मी थुंकला होता. मांडवामागे जाऊन. त्याला वास येत होता. लोक टाळ्या वाजवत होते.'

एवढंच. मग तू कॅमेऱ्याकडे बघून हसलास, जसा देखाव्यातला पोलीस हसतो.

मला तुझा राग आला, खूप आला. आणि मग लहानपणी ताप लपवून तू गॅदरिंगला उभा राहिला होतास ते आठवलं, आणि मी रडले. दोन्ही खरं आहे.

कंबर आता धरते आहे. श्रीधरराव मला सोमवारी गाडीने घेऊन येतायत. नळ्या काढल्या की ऋचा पहिलं जे बोलेल ते वाचायला कुणी तरी हवं, आणि तुला अजून नीट वाचता येत नाही.

मला घ्यायला स्टेशनवर येऊ नकोस. हॉस्पिटलमध्येच थांब, तिच्याजवळ. मी आले की खिडकीकडे तोंड करून माझ्यासमोर बस. तिला मी शिकवलंय तसा, उजेडात. आवाज काढायची गरज नाही. जे म्हणायचं आहे ते म्हण, मी बघते.

तुझी,
ताई